तीस सेंटिमीटरच्या अलीकडे आणि पलीकडे

नागपूरहून सावनेरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना कापूस, संत्र्याच्या बागा आणि काळी जमीन दिसते. कोळसा कुठे दिसत नाही. नकाशावर ज्याला कामठी कोळसाक्षेत्र म्हणतात, तो पट्टा बहुतेक सगळा नदीच्या गाळाखाली आणि कामठी वालुकाश्माखाली झाकलेला आहे. त्याच्याही खाली बाराकार खडकांचा समूह, आणि त्यात एकाखाली एक अशा पाच सीम, म्हणजे कोळशाचे थर. त्यांचे आकडे खालून वर चढत जातात. पहिली सर्वांत खोल, पाचवी सर्वांत वर. आसपासच्या गावांत खदानीवर कामाला जाणारं माणूस घरटी नाही तरी गल्लीगणिक सापडतं, त्यामुळे ‘चार नंबर’, ‘पाच नंबर’ हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतात.

ही हकीकत ज्या भूवैज्ञानिकाची आहे, ती याच पट्ट्यात घडली. ती नागपुरात भूशास्त्र शिकली आणि तिथल्याच एका सल्लागार कंपनीत लागली. बोअरहोलमधून वर आलेला खडक वाचायचा, प्रयोगशाळेचे आकडे जुळवायचे, आणि शेवटी कोणती सीम काढण्याजोगी आहे, किती आहे, कशी काढावी हे लिहून द्यायचं, हे तिचं काम. तिच्या अहवालावर खाण अभियंता आराखडा बेततो, आराखड्यावर यंत्रं मागवली जातात, जमीन घेतली जाते, गावं उठतात. एखाद्या रकान्यात ‘काढण्याजोगी’ लिहायचं की ‘नाही’, या एका शब्दामागे एवढं सगळं उभं असतं. त्यामुळे तो शब्द कशाच्या आधारावर लिहिला जातो, हा प्रश्न तिला सुरुवातीपासून छळत आला आहे.

सीम म्हणजे काळी सलग फळी, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. पर्मियन काळातल्या दलदलीत झाडोरा साचत गेला, मधूनच नदीला पूर आला, गाळ पसरला, पुन्हा झाडोरा साचला. त्या प्रत्येक पुराची नोंद आज सीममध्ये शेलची किंवा चिकणमातीची पट्टी होऊन बसली आहे. पाच मीटरची सीम म्हटली तर तिच्यात चांगला कोळसा, मग शेली कोळसा, मग कार्बनी शेलची पट्टी, पुन्हा कोळसा, असा क्रम असतो. अर्धा किलोमीटर पुढे गेलं की तीच पट्टी फुगत जाते आणि एका सीमच्या दोन होतात. आणखी पुढे त्या पुन्हा एक होतात. दक्षिणेला चंद्रपूर-वणीकडच्या वर्धा खोऱ्यात मुख्य सीम एकच, पण जाड, आणि ती जागोजागी वरच्या-खालच्या भागांत फाटत जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या थिओडोर ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यावरचा ग्रंथ १८७७ साली निघाला. तेव्हापासून आजपर्यंत त्या फाट्यांचे नकाशे पुन्हा पुन्हा काढले जात आहेत, कारण प्रत्येक नवा बोअर जुन्या रेषेला थोडा धक्का देतोच.

कोअर वाचणं हे हाताचं काम आहे. पाच सेंटिमीटरांहून जरा बारीक असा खडकाचा दंडगोल पेटीत ओळीने मांडलेला असतो. ती आधी तो ओला करते, म्हणजे थर उठून दिसतात. सुरीने ओरखडा काढते. चकाकी बघते, तुकडा हातात तोलते. चांगला कोळसा हलका लागतो आणि चौकोनी फुटतो. शेल जड लागतो आणि पापुद्र्यांनी निघतो. आणि या दोघांच्या मधला जो पदार्थ असतो, त्याच्यापाशी हात थांबतो. एकदा अशाच तुकड्यावर तिचा आणि ड्रिलच्या फोरमनकाकांचा बराच वेळ विचार चालला होता. काका शेवटी म्हणाले, “मॅडम, थो कोयसा नाही. पन शेल बी नाही म्हनता येत.” नोंदवहीत मात्र दोनच पर्याय होते. तिने एक लिहिला, कारण रकाना कोरा ठेवता येत नव्हता.

बोअरमध्ये सोडलेली यंत्रं तरी पक्कं सांगतील, असं वाटतं. गॅमा किरणांची नोंद कोळशात खाली येते, शेलमध्ये वर चढते. पण कागदावर ती रेषा पायरीसारखी चढत नाही, उतारासारखी चढते. सीम कुठे संपली हे त्या उतारावर कुठेतरी बोट ठेवून ठरवावं लागतं. मग नमुना प्रयोगशाळेत जातो, ८१५ अंश सेल्सिअसला जाळून राख मोजली जाते. राख आणि ओलावा मिळून ५५ टक्क्यांवर गेले की जुन्या प्रतवारीच्या हिशेबात तो कोळसाच राहत नव्हता. ५४ टक्क्यांना कोळसा, ५६ टक्क्यांना दगड.

अशा रेषा या धंद्यात पावलोपावली आहेत. १ जानेवारी २०१२ पासून आपल्याकडे कोळशाची प्रत उष्मांकावर ठरते. जी-१ ते जी-१७ अशा सतरा प्रती, बहुतेक पायऱ्या ३०० किलोकॅलरींच्या. किलोला ४,३०१ किलोकॅलरी भरल्या तर जी-१०, ४,३०० भरल्या तर जी-११. एकाच नमुन्याच्या दोन चाचण्यांत याहून जास्त फरक पडतो, हे प्रयोगशाळेतल्या कोणालाही विचारावं. साठ्याची वर्गवारी भारतीय प्रमाणपद्धतीने होते. बोअरपासून २०० मीटरच्या आतला कोळसा ‘सिद्ध’ धरायचा, त्यापलीकडचा ‘दर्शित’. पट्ट्यांच्या बाबतीत ३० सेंटिमीटर आणि १ मीटर या मर्यादा सर्रास वापरात आहेत. तेवढ्या जाडीपर्यंतची पट्टी सीमच्या हिशेबात धरायची, त्याहून जाड असेल तर वगळायची.

या रेषांवर तिचा राग नाही. कोळसा विकायचा तर बिल कुठल्यातरी एकाच दराने करावं लागतं. देशभरातले साठे एका तक्त्यात मांडायचे तर सगळ्यांना एकच माप लावावं लागतं. व्यवहाराला रेषा लागते. तिचा आक्षेप आहे तो वेगळ्या ठिकाणी. विकण्यासाठी आखलेली रेषा जमिनीतल्या थराचं मूल्यमापन करतानाही तशीच लावली जाते, आणि मग एका सीमचं भवितव्य दोन-चार सेंटिमीटरांवर ठरतं.

तिच्या हातात आलेल्या एका कोळसा-गटात नेमकं हेच झालं. शेजारशेजारच्या दोन बोअरहोलांत एकाच सीममध्ये पट्टी लागली होती. एकात २८ सेंटिमीटर, दुसऱ्यात ३२. नियमाप्रमाणे पहिल्या ठिकाणी पट्टीसकट पूर्ण सीम एकत्र काढायची, दुसऱ्या ठिकाणी तिचे दोन भाग करून वेगळे काढायचे. नकाशावर दोन बोअरांच्या मधून रेष गेली. रेषेच्या एका बाजूला जाडी जास्त आणि राख जास्त, दुसऱ्या बाजूला जाडी कमी आणि प्रत चांगली. प्रत्यक्षात तिथे जमिनीखाली काहीच एकदम बदललेलं नव्हतं. पट्टी अगदी हळूहळू जाड होत गेली होती.

फझी लॉजिकशी तिची गाठ एका प्रशिक्षणवर्गात पडली. बाकूत जन्मलेले आणि बर्कलीत शिकवणारे लोत्फी झादे यांनी १९६५ साली ‘इन्फर्मेशन अँड कंट्रोल’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. एखादी वस्तू एखाद्या संचात आहे किंवा नाही, एवढ्या दोनच शक्यता मानणाऱ्या गणिताला त्यांनी तिसरी वाट दाखवली. वस्तू संचात काही प्रमाणात असू शकते. ते प्रमाण शून्य ते एक यांच्या दरम्यान कुठेही असेल. वर्गात जपानमधल्या सेंदाई शहराच्या भुयारी रेल्वेचं उदाहरणही दिलं गेलं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या त्या गाड्यांचं वेगनियंत्रण याच तर्कावर बांधलेलं होतं. पण तिच्या मनात घर केलं ते एका छोट्या वाफेच्या इंजिनाने. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात एब्राहिम ममदानी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्याला त्या इंजिनाचं नियंत्रण बोलीभाषेतल्या नियमांवर उभं केलं होतं. दाब फार कमी असेल आणि वाढत नसेल, तर उष्णता बरीच वाढवा, अशा धर्तीचे नियम. यंत्र चालवणारा अनुभवी माणूस जसा बोलेल तसे. ‘फार’ आणि ‘बरीच’ यांना गणितात जागा मिळाली होती. तिला फोरमनकाकांचं वाक्य आठवलं.

खनिजांच्या साठ्यांना हा तर्क लावणारेही होते. हंगेरीचे भूवैज्ञानिक ग्यॉर्गी बार्दोशी यांनी गणितज्ञ यानोश फोडोर यांच्याबरोबर भूशास्त्रातल्या अनिश्चिततेवर २००४ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. बार्दोशींचा हयातीचा अभ्यास बॉक्साइटचा. साठ्याचा एकच आकडा छापण्याऐवजी, इतक्याहून कमी नक्की नाही, बहुधा इतका ते इतका, आणि इतक्याहून जास्त होणं शक्य नाही, असा उतरता-चढता आकडा त्यांनी मांडला. हे वाचताना तिला जाणवलं की मुरलेला भूवैज्ञानिक तोंडी उत्तर नेहमी असंच देतो. लिहिताना मात्र एकच आकडा लिहितो.

इथे एक गोष्ट सुटी करून सांगायला हवी, कारण बैठकांमध्ये सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. संभाव्यता आणि फझी लॉजिक ही दोन वेगळी साधनं आहेत. या दोन बोअरांच्या मध्ये आणखी एक बोअर मारला तर पट्टी ३० सेंटिमीटरांहून जाड निघेल का, हा प्रश्न संभाव्यतेचा. दक्षिण आफ्रिकेच्या डॅनी क्रिग यांच्या कामातून फ्रान्सच्या जॉर्ज माथेरों यांनी उभं केलेलं भूसांख्यिकीचं शास्त्र त्यासाठी आहे, आणि ती ते रोज वापरते. बोअर मारला की तो प्रश्न मिटतो. पण समोर पेटीत ठेवलेली, मोजपट्टीने मोजलेली ३२ सेंटिमीटरची पट्टी ‘वेगळी काढण्याइतकी जाड’ आहे का, हा प्रश्न शंभर बोअर मारूनही मिटत नाही. तिथे माहिती अपुरी नाही, ‘जाड’ ही कल्पनाच उताराची आहे.

मग जाड म्हणजे किती, हे ठरवायचं कोणी? ती त्यासाठी कार्यालयात बसली नाही. खदानीवर गेली आणि शॉवेल चालवणाऱ्यांना विचारत फिरली. एका जुन्या ऑपरेटरने हात पुढे करून वीत दाखवली. एवढी पट्टी असेल तर विसरा, बकेटमध्ये कोळशाबरोबरच येणार. दोन विता असेल तर बॅकहोने सोलून काढता येते. पण तेही पट्टी पांढरट असेल तरच. काळ्या शेलची असेल तर कॅबिनमधून ती कोळशापासून वेगळी दिसत नाही. दुपारच्या उन्हात धूळ उडत असताना नाही आणि रात्रपाळीत दिव्यांच्या उजेडात तर मुळीच नाही.

रंग! भूवैज्ञानिक अहवालात पट्टीचा रंग वर्णनाच्या रकान्यात असतो, मूल्यमापनाच्या सूत्रात कुठेच नसतो. प्रयोगशाळेला रंगाशी काही देणंघेणं नाही. पण पट्टी वेगळी निघणार की कोळशात मिसळून राख वाढवणार, हे ठरवण्यात रंगाचा वाटा जाडीइतकाच मोठा आहे, आणि हे त्या ऑपरेटरांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

त्या गप्पांतून दोन वक्ररेषा निघाल्या. ‘पट्टी पातळ आहे’ या विधानाची सत्यता १५ सेंटिमीटरपर्यंत पूर्ण १ धरली. तिथून ती सरळ उतरत ६० सेंटिमीटरला शून्यावर येते. म्हणजे २८ सेंटिमीटरची पट्टी ०.७१ इतकी पातळ आणि ३२ ची ०.६२. नियमपुस्तकाने ज्या दोघींना दोन वेगळ्या घरांत टाकलं होतं, त्या इथे शेजारी येऊन बसल्या. दुसरी वक्ररेषा ‘पट्टी नजरेला ओळखू येते’ याची. फिकट राखाडी चिकणमातीला ०.८, काळ्या कार्बनी शेलला ०.३.

आता तिच्या गटातल्या त्या दोन बोअरांकडे बघू. २८ सेंटिमीटरची पट्टी फिकट चिकणमातीची होती. ३२ सेंटिमीटरची काळ्या शेलची. नियम दोन घेतले. पट्टी पातळ असेल आणि ओळखू येत नसेल, तर सीम एकत्र काढावी. पट्टी जाड असेल आणि ओळखू येत असेल, तर वेगळी काढावी. ‘आणि’साठी ममदानींच्या पद्धतीत दोन्हींतला लहान आकडा घेतात. २८ च्या बोअरला ‘एकत्र’च्या बाजूने ०.७१ आणि ०.२ यांतला लहान, म्हणजे ०.२; ‘वेगळी’च्या बाजूने ०.२९ आणि ०.८ यांतला लहान, ०.२९. ३२ च्या बोअरला ‘एकत्र’ ०.६२, ‘वेगळी’ ०.३.

नियमपुस्तकाच्या नेमकं उलट उत्तर आलं. जिथे वेगळं काढा म्हटलं होतं तिथे एकत्र काढण्याकडे स्पष्ट कल. जिथे एकत्र म्हटलं होतं तिथे वेगळं काढण्याकडे, पण अगदी थोडा. या थोडेपणालाही अर्थ आहे. ०.२ आणि ०.२९ हे दोन्ही आकडे लहान, म्हणजे तिथे कुठलाच नियम ठामपणे बोलत नाही. पट्टी पातळ आहे पण ओळखू येते, अशा वेळी काय करायचं हे नियमांत आलंच नव्हतं. त्या रिकाम्या जागेत नवा नियम घालण्यासाठी ती पुन्हा खदानीवर गेली. उत्तर असं मिळालं की अशी पट्टी यंत्रावर अवलंबून असते. सर्फेस मायनर असेल तर कापण्याची खोली ठरवून ती वेगळी घेता येते, मोठ्या शॉवेलने नाही. ३० सेंटिमीटरच्या रेषेत अशी रिकामी जागा दाखवण्याची सोय नाही. ती प्रत्येक वेळी उत्तर देते, आणि प्रत्येक उत्तर सारख्याच आवाजात देते.

एका पट्टीचं इतकं, तर पाच सीमचं किती! थरांच्या साठ्यात सर्वांत अवघड भाग हा की एकीचं मोल दुसरीवर अवलंबून असतं. उघड्या खदानीत एक टन कोळशासाठी किती घनमीटर माती-दगड उचलावा लागतो, हे प्रमाण सगळं ठरवतं. पाच नंबर सीमसाठी वरची सगळी माती उचलली, की चार नंबरसाठी फक्त दोघींच्या मधला दगड उचलायचा उरतो. म्हणजे एकटी असती तर जिला कोणी हात लावला नसता, ती सीम वरची निघाल्यावर एकदम परवडू लागते. म्हणून सीमला सुट्या सुट्या गुण देऊन उपयोग नाही. तिने संच केले: फक्त पाच, पाच आणि चार, पाच-चार-तीन, असे. प्रत्येक संचाला जाडी, राख, दगडाचं प्रमाण, पट्ट्या, उतार, फॉल्टची जवळीक आणि पाणी अशा निकषांवर तपासलं.

इथे ‘लहान आकडा घ्या’ ही पद्धत कमी पडली. सीम भरपूर जाड असेल तर थोडी जास्त राख चालते. कोणताही खाण अभियंता हे मनातल्या मनात करतच असतो. पण लहान आकडा घेणाऱ्या सूत्रात एक निकष खाली गेला की बाकीचे कितीही चांगले असोत, संच खाली जातो. जर्मनीचे त्सिमरमान आणि त्सिस्नो यांनी १९८० मध्ये माणसं प्रत्यक्षात कसे निर्णय घेतात याचा अभ्यास करून एक सूत्र सुचवलं होतं. त्यात गॅमा नावाचा एक आकडा शून्य ते एक यांच्यामध्ये सरकवता येतो आणि एका निकषाने दुसऱ्याची किती भरपाई करायची ते ठरवता येतं. जाडी, राख आणि दगडाचं प्रमाण यांना तिने हे सूत्र लावलं.

पाण्याला लावलं नाही. या ठिकाणी तिचं मत पक्कं आहे आणि ती ते कनिष्ठांना पुन्हा पुन्हा सांगते. कामठी वालुकाश्म पाणी धरून ठेवतो, जुन्या भूमिगत खदानींच्या गॅलऱ्या पाण्याने भरलेल्या असतात, आणि त्यांचे नकाशे नेहमी विश्वासाचे नसतात. अशा सोडलेल्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय पुढे सरकायचं नाही, असं कायदा सांगतो. दोन सीम जवळजवळ असतील तर मधला दगड कुठेही ३ मीटरपेक्षा पातळ होऊ द्यायचा नाही, असंही सांगतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खदानीत जुन्या कामातलं पाणी फुटून साडेतीनशेहून जास्त कामगार गेले. ५९ मीटर आणि ६१ मीटर यांत जमिनीच्या दृष्टीने फरक नसेल. तरीही ती रेष रेषच राहिली पाहिजे. सीम कितीही जाड असो, राख कितीही कमी असो, त्या रेषेच्या आतला भाग आधीच हिशेबाबाहेर काढायचा आणि मग उरलेल्यावर फझी गणित करायचं. हा क्रम उलटा झाला तर चांगला कोळसा धोक्याची भरपाई करतो असं कागदावर दिसू लागेल, आणि कागदावर दिसलेलं पुढे कोणीतरी खरं मानेल.

भूमिगत भागात छताचा प्रश्न मात्र या तर्काला फार साजेसा निघाला. आपल्याकडच्या कोळसा खदानींत छताच्या खडकाला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत आहे. थरांच्या जाडीला ३०, भेगा-फॉल्टना २५, हवापाण्याने झिजण्याला २०, मजबुतीला १५ आणि पाण्याला १०. चाळीसपर्यंत ‘कमजोर’, चाळिसाच्या वर ‘मध्यम’, आणि त्यानुसार आधार कसा द्यायचा ते ठरतं. ३९ आणि ४१ गुणांच्या छताखाली उभा राहणारा ओव्हरमन आकडा बघत नाही. तो छतावर सळई ठोकून आवाज ऐकतो. भरीव छताचा आवाज वेगळा, सुटलेल्याचा वेगळा. ३५ ते ४५ गुणांच्या पट्ट्यात तिने छताला दोन्ही वर्गांत थोडं थोडं ठेवलं आणि आधार मात्र नेहमी कमजोर वर्गाचाच सुचवला. खर्च वाढतो, असं बैठकीत कोणीतरी म्हणालं. ती काही बोलली नाही. शिफारस तशीच ठेवली.

सर्वांत मोठा आक्षेप एका ज्येष्ठ खाण अभियंत्यांनी घेतला, आणि तो रास्त होता. ते म्हणाले, “हा शेवटी अंदाजच ना? फक्त त्याला दशांश चिन्ह लावलंय तुम्ही. १५ आणि ६० सेंटिमीटर हे आकडे तरी कुठून आणले?” या प्रश्नाला तोंडी उत्तर देता येत नाही, असं तिला वाटलं. तिने एक वही सुरू केली. प्रत्येक वक्ररेषेसमोर ती कोणाच्या अनुभवावरून आखली, कोणत्या यंत्रासाठी, कोणत्या प्रकारच्या खदानीसाठी, आणि त्यावर कोणाचं दुमत होतं, हे सगळं लिहिलं. मग १५ चे २० केले, ६० चे ५० केले, गॅमा वर-खाली सरकवला, आणि दर वेळी संचांची क्रमवारी बदलते का ते पाहिलं. पाच आणि चार नंबरचा संच कशानेही हलला नाही. तीन नंबर धरलेला संच मात्र जरा आकडा सरकवला की वर-खाली होत होता.

या हलण्यातूनच त्या कामाचं खरं फळ मिळालं, असं तिला आजही वाटतं. जुन्या पद्धतीच्या अहवालात तीन नंबरसमोर ‘काढण्याजोगी’ किंवा ‘नाही’ यांतला एक शब्द छापला गेला असता. इथे निर्णय कुठे पक्का आहे आणि कुठे आपल्या गृहीतकांवर लटकलेला आहे, हे नकाशावर रंगवता आलं. बोअर मारायला पैसे थोडेच असतात, तेव्हा ते कुठे मारायचे याचं उत्तर त्या नकाशाने दिलं. तीन नंबरचा लटकणारा भाग गटाच्या एका कोपऱ्यात, फॉल्टच्या अलीकडे होता. नवे बोअर तिथेच घेतले. नवी कोअर बाहेर आली तेव्हा त्या कोपऱ्यात पट्टी दुभंगून तिच्या मध्ये कोळशाचा पातळ थर आल्याचं दिसलं, आणि तो भाग वेगळ्या संचात गेला. उरलेली तीन नंबर पाच-चारच्या जोडीला लागली.

अधिकृत अहवाल अर्थातच ठरलेल्या पद्धतीनेच गेला. सिद्ध, दर्शित, अनुमानित, जी-१०, जी-११, २०० मीटर. त्यात बदल करण्याचा तिला अधिकार नाही आणि तशी तिची मागणीही नाही. फझी मूल्यमापन जोडपत्र म्हणून गेलं, वहीतल्या नोंदींसकट. ज्येष्ठ अभियंत्यांनी ते जोडपत्र बारकाईने वाचलं आणि गॅमाच्या आकड्यावर पेन्सिलने स्वतःचा आकडा लिहून परत पाठवलं. तोही वहीत चढला, त्यांच्या सहीसकट.

आता तिच्याकडे दुसरा गट आला आहे, वर्धा खोऱ्यातला, एकच जाड सीम भागाभागांत फाटलेली. तिथे सर्फेस मायनर लावायचा विचार चालू आहे. म्हणजे ‘पट्टी पातळ’ची वक्ररेषा नव्याने आखावी लागणार, शॉवेलवाल्यांची वीत तिथे चालणार नाही. दोन कनिष्ठ सहकारी त्यासाठी खदानीवर जाणार आहेत. त्यांच्या प्रश्नांची यादी तिने स्वतः तपासली. पहिला प्रश्न तिने खोडून बदलला. ‘किती सेंटिमीटरची पट्टी वेगळी काढता?’ असं त्यांनी लिहिलं होतं. तिथे आता आहे: ‘रात्रपाळीत कोणती पट्टी दिसत नाही?’